त्रेचाळीस मुखडे

मी नोकरीची तेहतीस वर्षं लोकांचा माल परत पाठवण्यात घालवली. नाशिकजवळच्या अंबडच्या एका कारखान्यात येणाऱ्या मालाची तपासणी माझ्याकडे होती. बोल्ट, वॉशर, रबराच्या चकत्या, स्प्रिंगा. ट्रक दाराशी लागला की दहा हजार नगांतले वीस नग उचलायचे, मापायचे, आणि त्या विसांच्या जिवावर बाकीच्यांना आत घ्यायचं किंवा आल्या पावली परत पाठवायचं. सगळा माल कुणीच तपासत नाही, तपासत बसलं तर कारखाना बंद पडेल. पुरवठादार नवीन असेल तर नियम आणखी कडक. आधी नमुना आणायचा, तो पास व्हायचा, त्यावर माझी सही व्हायची, आणि मगच त्यानं बाकीचा माल बनवायला घ्यायचा. नमुना पास होण्याआधी कुणी एक बोल्ट जरी बनवला तरी मी तो हातात धरत नसे. पुरवठादार माझ्या पाठीमागं मला काय म्हणत ते मला ठाऊक आहे. ते इथं लिहिण्यासारखं नाही.

हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे झालं ते माझ्या बेजबाबदारपणामुळं झालं असं कुणी म्हणू नये. ते माझ्या जबाबदारपणामुळं झालं.

निवृत्त झाल्यावर आमच्याकडची माणसं सकाळी चालायला लागतात, नाहीतर सोसायटीच्या कमिटीत शिरतात. चालण्याचा मला कंटाळा आहे, आणि कमिटीनं मला घेतलं नाही, कारण त्यांनी नव्यानं बसवलेल्या टाकीच्या झाकणाची जाडी मी सगळ्यांसमोर मोजून दाखवली होती. म्हणून मी कपाटावरून गिटार खाली काढली. कॉलेजात असताना घेतलेली, तारा गंजलेल्या. तारा बदलायला कॉलेज रोडवरच्या एका दुकानात गेलो आणि इलेक्ट्रिक गिटार घेऊन घरी आलो. बायकोनं दार उघडलं, खांद्यावरची लांबलचक काळी पिशवी पाहिली आणि म्हणाली, "तारा आणायला गेला होतात ना?"

"हिलाच लावल्यात," मी म्हटलं.

इलेक्ट्रिक गिटार नुसती वाजवली तर डास गुणगुणल्याएवढा आवाज येतो. तिला अ‍ॅम्प लागतो, म्हणजे आवाज मोठा करणारं आणि त्याला रंग देणारं खोकं. दुकानदार म्हणाला, "फ्लॅटमध्ये अ‍ॅम्प कोण ठेवतं काका? आता सगळं लॅपटॉपमध्ये येतं." गिटारची वायर एका लहान डब्यात घालायची, डब्याची वायर लॅपटॉपला, आणि लॅपटॉपमध्ये एक सॉफ्टवेअर असतं ते जगातल्या वाटेल त्या अ‍ॅम्पची हुबेहूब नक्कल करतं. जोडीला रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर. कुठलं घेऊ, असं विचारलं तर म्हणाला, "ते तुमच्या कानावर आहे." हे वाक्य त्यानं माझ्याशी बोलायला नको होतं. "ते तुमच्यावर आहे" म्हणणाऱ्या एकाही माणसाचा माल मी विनाचौकशी आत घेतलेला नाही.

घरी येऊन शोधायला बसलो तर अ‍ॅम्पची नक्कल करणारी सॉफ्टवेअरं पंधरा-वीस निघाली. प्रत्येकाची वाखाणणी करणारे व्हिडिओ होते. त्यात एक दाढीवाला गृहस्थ, त्याच्या पाठीमागं निळे-जांभळे दिवे, आणि तो डोळे विस्फारून सांगायचा की या सॉफ्टवेअरनं सगळं बदलून टाकलं आहे. पुढच्या आठवड्यात तोच गृहस्थ, तेच दिवे, आणि आता दुसऱ्याच सॉफ्टवेअरनं सगळं बदलून टाकलेलं असायचं. एवढं बदलूनही तो वाजवायचा ते चार सूर मात्र तेच होते. खाली प्रतिक्रियांमध्ये माणसं हमरीतुमरीवर आलेली. एकाला तिसऱ्या नंबरच्या सॉफ्टवेअरमध्ये "हवा" ऐकू येत होती. दुसरा त्याला विचारत होता की तुझे हेडफोन कुठले, आणि ते कळल्यावर, अशा हेडफोनमध्ये हवा ऐकू येणं शक्यच नाही असं त्यानं जाहीर केलं. मी हे सगळं वहीत लिहून घेत होतो.

सॉफ्टवेअर उघडलं की पडद्यावर अ‍ॅम्पचं चित्र यायचं. फिरवायची बटणं, पितळी पट्टी, कातडी आवरण. एकात तर त्या कातड्याला पडलेली भेगसुद्धा रंगवलेली होती, म्हणजे जुना अ‍ॅम्प वाटावा. जुन्या अ‍ॅम्पची घरघर ऐकू यावी म्हणून वेगळं बटण होतं. आमच्या भिंतीपलीकडच्या घरात रोज सकाळ-दुपार मिक्सर चालतो. त्याची घरघर येऊ नये म्हणून मी दाराच्या फटीत चादर कोंबायचो, आणि आत बसून लॅपटॉपमधली घरघर बटण फिरवून वाढवायचो. बायको बाहेरून ओरडायची, "चादर वाळत घालायची होती हो!" मी बटण आणखी थोडं फिरवायचो.

हे चालू होतं तेवढ्यात चांदवडहून दादाचा फोन आला.

दादा माझा थोरला भाऊ. तो शेतीत राहिला आणि मी नोकरीला नाशिकला आलो, एवढाच आमच्यात फरक, असं तो म्हणतो. फरक बराच आहे. त्याला गाता येतं. दोन-तीन महिने त्याचा घसा बसलेला होता, काढे पिऊन झाले होते, आणि शेवटी नाशिकच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं तेव्हा स्वरयंत्रावर गाठ दिसली. काढावी लागणार होती. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं की जीव वाचेल, बोलताही येईल, पण कुजबुजल्यासारखं. गाणं विसरा. पण दादाची साखर एवढी चढलेली होती की लगेच चिरफाड करता येईना. साखर उतरवायला सहा आठवडे ठरले. तोवर दर सोमवारी तपासणीला यायचं. एसटीनं नाशिकच्या द्वारका चौकात उतरायचं, दवाखाना करायचा, दुपारी आमच्याकडं पाथर्डी फाट्याला जेवायचं आणि संध्याकाळच्या गाडीनं परत.

पहिल्या सोमवारी वहिनीही आल्या होत्या. दादा हात धुवायला गेला तेव्हा त्या माझ्याजवळ आल्या. माझ्या वहिनी कमी बोलतात. लग्न होऊन त्या घरात आल्यापासून त्यांनी मला एकदाही काही मागितलेलं मला आठवत नाही.

"भाऊजी, ह्यांचं ते गाणं भरून घ्या ना तुमच्याकडं," त्या म्हणाल्या. "आख्खं. परत म्हणतील का नाय, कोणाला ठाऊक."

ते गाणं म्हणजे काय ते सांगायला हवं. लग्नाच्या पहिल्या वर्षी दादानं वहिनींना वणीच्या जत्रेला नेण्याचं कबूल केलं होतं. कांद्याला भाव आला की जाऊ. भाव आला नाही, कांदा साठवणीच्या चाळीत पडून राहिला, चैत्र संपला, वहिनी रुसल्या. त्यांना हसवायला दादानं चाळीच्या दारात बसून एक मुखडा रचला:

कांदा भरला चाळीत, भाव पडला झोपेत,
थांब जराशी कारभारणी, नेतो तुला जत्रेत.

त्यानंतर दर वर्षी चाळ रिकामी झाली की तो त्याला एक कडवं जोडत गेला. त्या वर्षात जे काही घडलं ते त्या कडव्यात. पाऊस, बैल, माझं नाशिकला घर घेणं, वहिनींचा दुखावलेला गुडघा. त्यानं यातलं काही कधी लिहून ठेवलं नाही. त्याला कडवी नुसती सांग म्हटलं तर दुसऱ्या ओळीला अडकतो. म्हणायला लागला की एकातून दुसरं निघत सलग येतात. म्हणजे गळा गेला की कडवीही जाणार होती, हे वहिनींना कळलं होतं आणि म्हणून त्या माझ्याजवळ आल्या होत्या. मलाही ते कळलं होतं. मी त्यांना म्हटलं, "वहिनी, निर्धास्त राहा. असं रेकॉर्डिंग करतो की स्टुडिओवाले तोंडात बोटं घालतील."

मी हे मनापासून म्हटलं होतं. आणि मनापासून म्हटलं होतं म्हणूनच मी सरळ बटण दाबलं नाही. दादाच्या शेवटच्या गाण्याला पास न झालेलं सॉफ्टवेअर कसं वापरणार? तपासणी पूर्ण व्हायला हवी. सहा आठवडे हातात होते. पंधरा-वीसमधली सहा सॉफ्टवेअरं मी कागदोपत्रीच निवडली, त्यांना क्रमांक दिले, आणि एक तक्ता आखला. गिटारसोबत दादाचा आवाजही त्यातूनच जाणार होता. स्पष्टता, ऊब, विलंब, वापरायची सोय, माहितीपुस्तिका. प्रत्येकी दहा गुण. आणि चाचणीचा तुकडा ठरवला: मुखडा. अठरा सेकंद. हा आकडाही विचार करून घेतला होता, कारण फुकट चाचणीच्या सॉफ्टवेअरमध्ये दर अर्ध्या मिनिटानं एक शिट्टी वाजायची. माझा मुखडा शिट्टीच्या आत बसायचा. तेव्हा मला याचा फार अभिमान वाटला होता.

त्याच दुपारी दादाला खोलीत बसवलं. समोर माईक, डोक्यावर हेडफोन.

"टोपी काढावी लागंल का?" त्यानं विचारलं.

टोपीवरूनच हेडफोन लावले. मी गिटार घेतली. दादानं डोळे मिटले, मांडीवर ताल धरला आणि मुखडा म्हटला. आवाज थोडा बसका होता, पण वर गेला तेव्हा पूर्वीसारखाच मोकळा गेला. तो पहिल्या कडव्याला लागला तेवढ्यात मी हात वर केला.

"बास."

"आरं, पुढं हाय ना अजून."

"पुढचं नंतर. आधी नमुना."

"कसला नमुना?"

मी त्याला तक्ता दाखवला. दादानं तो हातात घेऊन नीट पाहिला. तो माणूस आयुष्यभर बाजार समितीत कांद्याची ट्रॉली घेऊन उभा राहिलेला आहे, नमुना म्हणजे काय हे त्याला मी शिकवायची गरज नव्हती. "व्यापारी बी आसंच करतो," तो म्हणाला. "दोन कांदे उचलतो, दाबून पाहतो, परत टाकतो. पण पाठीमागं ट्रॉली भरून आणलेली असती, बाबा. तुझी ट्रॉली कुठं हाय?"

"ट्रॉली नंतर," मी म्हटलं. तो हसला आणि पुन्हा मुखडा म्हणाला. त्या दिवशी आठ वेळा म्हणाला.

दुसऱ्या सोमवारी विलंबाची परीक्षा होती. तार छेडल्यापासून किंवा तोंड उघडल्यापासून हेडफोनमध्ये आवाज येईपर्यंत जो क्षणभर वेळ जातो तो विलंब. दुसऱ्या क्रमांकाच्या सॉफ्टवेअरमध्ये तो एवढा होता की दादा गाता गाता थांबून मागं वळून बघायला लागला. "माझ्या मागून कोण म्हणतंय रे?" मी सेटिंग बदलली, तर विलंब गेला आणि खरखर आली. खरखर घालवली तर विलंब परत आला. दोन तास हेच. दादा मध्ये मध्ये पाणी प्यायचा आणि मी म्हटलं की पुन्हा मुखडा म्हणायचा. कंटाळला नाही. मला वाटतं त्याला मजा वाटत होती की धाकट्याला आपलं इतकं कौतुक आहे.

तिसऱ्या सोमवारपर्यंत पहिल्या दोन सॉफ्टवेअरांच्या चाचणीचे चौदा दिवस संपले. पुन्हा चौदा दिवस मिळवायला नवा ईमेल लागतो. ज्या माणसानं तेहतीस वर्षांत एका पुरवठादाराची दिवाळीची मिठाई घेतली नाही, त्या माणसानं त्या आठवड्यात तीन खोटे ईमेल काढले. एक बायकोच्या नावानं, एक आमच्या दिवंगत वडिलांच्या. वडिलांच्या नावानं अजूनही पत्र येतं की तुमची गिटार तुमची वाट पाहत आहे. त्यांनी आयुष्यात ढोलकीसुद्धा धरली नव्हती.

बायको या सगळ्याकडं बघत होती. एकदा जेवण वाढताना ती म्हणाली, "अहो, एकदा सगळं गाणं म्हणून घ्या की भावजींकडून. मग बसा मोजत."

मी तिला समजावलं की असं चालत नाही. आधी यंत्र पास, मग माल. उद्या चुकीच्या सॉफ्टवेअरवर गाणं भरलं आणि मागाहून कळलं की ऊब कमी पडली, तर दादाला पुन्हा कुठून आणायचं? ती म्हणाली, "मला ऊब वगैरे काही कळत नाही." मी म्हटलं, "तेच म्हणतोय." त्यानंतर तिनं विषय काढला नाही. आज वाटतं, तिनं त्या दिवशी लॅपटॉप माझ्या डोक्यात घालायला हवा होता.

चौथ्या सोमवारी एक घोळ झाला. पहिल्या सोमवारी ज्या सॉफ्टवेअरला मी स्पष्टतेचे नऊ गुण दिले होते, त्याच सॉफ्टवेअरवर, त्याच सेटिंगवर, तोच मुखडा आता सहाच गुणांचा वाटला. पाचव्या क्रमांकालाही तेच. मी विचारात पडलो. मध्ये एका सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली होती, तिनं काहीतरी बिघडवलं असावं. वायर बदलून पाहिली. माईक दोन बोटं पुढं घेतला. दादाला म्हटलं, जरा जोर लाव. त्यानं जोर लावला आणि खोकला. मी त्या दोन्ही सॉफ्टवेअरांचे गुण कमी केले आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: "सातत्य नाही." माझ्या नोकरीत एवढा एक शेरा पुरवठादाराला संपवायला पुरेसा असायचा.

पाचव्या सोमवारी तिसऱ्या आणि चौथ्या क्रमांकात अर्ध्या गुणाची चुरस उरली. दादा त्या दिवशी सहा वेळाच म्हणाला. जाताना चपला घालता घालता त्यानं विचारलं, "पुढल्या टायमाला आख्खं म्हणायचं ना?"

"पुढल्या सोमवारी नक्की," मी म्हटलं. "आख्खं."

पुढला सोमवार आलाच नाही. म्हणजे कॅलेंडरवर आला. पण दादाची साखर अपेक्षेपेक्षा लवकर उतरली, आणि डॉक्टरांनी शुक्रवारीच भरती करून घेतलं. घरात सगळ्यांना आनंद झाला. मलाही झाला. माझ्या डोक्यात गाण्याचा विचार आला तेव्हा दादाला ऑपरेशनसाठी आत नेऊन तासभर झाला होता. मी आदल्याच दिवशी चौथ्या क्रमांकाचं सॉफ्टवेअर पास केलं होतं, तक्त्याखाली तारखेसह सही केली होती.

दवाखान्यात बाहेरच्या बाकावर वहिनी हातात माळ घेऊन बसल्या होत्या. मी त्यांच्या शेजारी बसायचं टाळत होतो. कुठं तरी डोळे लावायचे म्हणून मी मोबाईलवर त्या पास केलेल्या सॉफ्टवेअरची माहितीपुस्तिका उघडली. तिला मी दहापैकी नऊ गुण दिले होते, पानं भरपूर होती म्हणून. वाचली मात्र नव्हती. पहिल्याच पानावर लिहिलेलं होतं की या प्रकारच्या सॉफ्टवेअरचा सगळ्यात मोठा फायदा असा, की तुम्ही आधी नुसतं, कोरं वाजवून भरून ठेवू शकता. अ‍ॅम्प कुठला लावायचा, किती ऊब द्यायची, ते मागाहून ठरवा. उद्या ठरवा, वर्षानं ठरवा, शंभर वेळा बदला. मूळ रेकॉर्डिंगला धक्का लागत नाही.

मी ते पान तीनदा वाचलं. या यंत्राचा जन्मच यासाठी झाला होता की माझ्यासारख्या माणसाला आधी काही पास करावं लागू नये. पहिल्या सोमवारी दादाला नुसतं गाऊ दिलं असतं, अर्धा-पाऊण तास, लॅपटॉपसोबत आलेल्या साध्यातल्या साध्या रेकॉर्डरवर, तर पुढचे पाच आठवडे मी खुशाल सहाही सॉफ्टवेअरं त्याच्यावर आलटून पालटून लावत बसलो असतो. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. बाकावर बसल्या बसल्या कानशिलं गरम झाली. वहिनींना वाटलं मला दादाची काळजी लागली आहे. त्या मला म्हणाल्या, "काय नाय होत, भाऊजी. बसा." मी बसलो.

ऑपरेशन चांगलं झालं. दादा वाचला, आणि ही साधी गोष्ट नाही, हे मला कळतं. महिन्याभरानं दोघं तपासणीला आले तेव्हा आमच्याकडं जेवायला थांबले. दादाच्या गळ्याला रुमाल होता. तो बोलायचा म्हणजे श्वासातून शब्द सुटायचे, शेजारी बसल्याशिवाय कळायचे नाहीत. जेवण झाल्यावर वहिनी पदराला हात पुसत म्हणाल्या, "भाऊजी, ते लावता का?"

मी महिनाभर या प्रश्नाची तयारी करत होतो. शेवटी मी नुसता लॅपटॉप उघडला, त्यांना हेडफोन दिले, आणि जे होतं ते पहिल्यापासून लावलं. स्पीकरचा आवाजही बारीक चालू ठेवला, आम्हाला कळावं म्हणून. दादा सोफ्यावर खाली मान घालून बसला होता.

कांदा भरला चाळीत, भाव पडला झोपेत. वहिनींचा चेहरा उजळला. मुखडा संपला. मग पुन्हा मुखडा. त्या थांबल्या, माझ्याकडं पाहिलं, पुन्हा ऐकायला लागल्या. तिसऱ्यांदा मुखडा. त्यांना वाटलं असावं की पुढं कुठं तरी कडवं येईल. एकोणिसाव्या मुखड्याला त्यांनी बोट वर केलं.

"इथून बसला," त्या म्हणाल्या.

"काय?"

"आवाज. इथून ह्यांचा आवाज जाया लागला. आधीचा बघा अन् हा बघा."

मी टेबलाच्या खणातून तक्ता काढून पाहिला. एकोणीस क्रमांकाचा मुखडा तिसऱ्या सोमवारचा होता. तिथून पुढं खालच्या खालच्या ओळीत मी सॉफ्टवेअरांचे गुण कापत गेलो होतो. आठ, सात, सात, सहा. माझ्या भावाचा गळा माझ्या हेडफोनमध्ये आठवड्या-आठवड्यानं मिटत चालला होता, आणि मी तो माझ्या सुवाच्य अक्षरात लिहून घेत होतो, आणि शेरा मारत होतो की सातत्य नाही.

त्यांनी त्रेचाळीसच्या त्रेचाळीस ऐकले. मग हेडफोन काढून मांडीवर ठेवले.

"अन् पुढं?"

"पुढचं भरायचं राहिलं, वहिनी," मी म्हटलं. "माझी चूक झाली. सगळी माझी." कारण सांगायला तोंड उघडलं होतं, पण ते कारण मलाच ऐकवेना.

वहिनी दादाकडं बघत म्हणाल्या, "थांब जराशी, नेतो तुला जत्रेत. एवढंच भरलंय. मी घरात बी सारी वर्सं तेवढंच तर ऐकलं." दादा हसायला लागला. त्याच्या हसण्याला आवाज नव्हता, खांदे तेवढे हलत होते. माझी बायको तोंडाला पदर लावून आत गेली.

मग वहिनींनी मला पहिल्या सोमवारचा, अगदी पहिला मुखडा पुन्हा लावायला सांगितला. तो संपला तसं मी पुढचा थांबवला, आणि त्या शांततेत, कुणाकडं न बघता, भिंतीकडं तोंड करून त्यांनी म्हटलं:

चाळीत शिरली ओल, कांदा लागला सडायला,
रुसून बसली कारभारणी, कोण वाढील जेवायला.

सुरात नव्हतं. आवाज पातळ होता आणि मध्ये थरथरला. मी माईक कधी त्यांच्या बाजूला वळवला आणि बटण कधी दाबलं, मला आठवत नाही. कुठलं सॉफ्टवेअर उघडं होतं तेही पाहिलं नाही. कडवं संपलं की मी दादाचा मुखडा लावायचो, मुखडा संपला की त्या पुढचं कडवं घ्यायच्या. गाडी अशी पुढं गेली. पावसाचं कडवं झालं, बैलाचं झालं, माझ्या नाशिकच्या घराचं झालं. त्यात मी लिफ्टमध्ये अडकलो होतो ते होतं. मला इतकी वर्षं माहीतच नव्हतं की दादानं ते घातलं आहे. कितवं कडवं होतं ते मी मोजलं नाही, पण एका मुखड्यानंतर वहिनींनी नकारार्थी मान हलवली.

"ह्या पुढचं मला नाय येत," त्या म्हणाल्या. "औंदाचं हाय ते. घसा बसला तव्हा चाळीत एकटेच म्हणत बसायचे. मला म्हणले, भाऊकडं भरू तव्हा ऐक."

आम्ही दोघांनी दादाकडं पाहिलं. त्यानं तोंड उघडलं. नुसती हवा आली. त्यानं रुमाल सारखा केला, पुन्हा प्रयत्न केला, आणि पहिला शब्दसुद्धा चालीवाचून त्याला सापडेना हे त्याच्या डोळ्यांत दिसलं. मी उठून त्याच्याजवळ जाणार होतो. त्यानं हातानं मला बसवलं. मग डोळे मिटले, आणि मांडीवर ताल धरला. ओठ हलत होते. एक ओळ, मग दुसरी, मध्ये श्वासाची जागा, शेवटच्या शब्दाला मान किंचित तिरकी. पूर्ण कडव्याएवढा वेळ तो ताल देत राहिला, आणि ते संपलं तेव्हा त्यानं मान हलवून मला खूण केली, की आता मुखडा लाव.

मी मुखडा लावला.

रेकॉर्डिंगमध्ये त्या जागी धोतरावर पडणारी बोटं ऐकू येतात, आणि भिंतीपलीकडचा मिक्सर. मी त्यातलं काहीच काढलेलं नाही.